मोरपिशीचा आवाज

परवा एक बाई आली. खांद्याला झोळी, हातात काडेपेटीएवढं रेकॉर्डिंगचं यंत्र. म्हणाली, "कॅबरेच्या जुन्या कलावंतांवर काम करतेय मी. मोरपिशीबद्दल बोलायचंय. तुमच्याकडे तिच्या कॅसेट आहेत असं कळलं. मला तिचा आवाज हवाय."

मी वाळलेले कपडे काढत होते. म्हटलं, "कॅसेट आहेत. चांगल्या एक्केचाळीस आहेत. तिचा आवाज मात्र नाही."

"म्हणजे खराब झाल्या का?"

"एकही खराब नाही. सगळ्यांत मी गातेय."

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी तिला स्टूल दिलं आणि म्हटलं, सांगते, पण मुळापासून सांगेन, आणि मधे मधे प्रश्न विचारलेले मला खपत नाहीत. तिने यंत्र सुरू करून मांडीवर ठेवलं.

तर आधी माझं सांगते, कारण माझ्याशिवाय ती गोष्ट पुढे सरकत नाही. मी ही एवढीशी. एक डोळा जरा तिरळा, आणि पुढचे दोन दात सगळ्यांच्या आधी बाहेर येऊन उभे. आवाज मात्र असा, की फोनवर लोक प्रेमात पडायचे. मी विसाव्या वर्षी कॅबरेच्या हॉलमध्ये गायला म्हणून गेले. मालकाने डोळे मिटून गाणं ऐकलं, मग डोळे उघडले, आणि म्हणाला, "आवाज पुढे राहील, तू मागे राहा." मला वाटलं थट्टा करतोय. कसली थट्टा! दुसऱ्या दिवशी त्याने स्टेजच्या मागे काळा पडदा लावला, त्याला रुपयाएवढं भोक पाडलं आणि तिथे एक स्टूल ठेवलं. त्या स्टुलावर मी पुढची सव्वीस वर्षं काढली.

ती, म्हणजे तुमची मोरपिशी, त्याच वर्षी आली. सहा फूट उंच, हातात एक सुटकेस आणि दुसऱ्या हातात इस्त्री. इस्त्री घेऊन नोकरी मागायला आलेली नाचणारी मी तरी दुसरी पाहिली नाही. जन्माला आली मुलगा म्हणून, घरात वाढली मुलगा म्हणून, आणि एकोणिसाव्या वर्षी घरच्यांना म्हणाली की मी मुलगी आहे. त्यानंतर घर राहिलं नाही. तीन वर्षं कुठे कुठे काढली ते तिने मला कधी सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. पहिल्या खेळाला तिने मोरपिशी रंगाचा घोळदार झगा घातला होता, तेच नाव पाटीवर चढलं. मी तिला लांबे म्हणायचे. ती मला बुटके म्हणायची. दुसऱ्या कुणी तिला लांबे म्हटलेलं मला चालायचं नाही.

नाचायला लागली की वेटर ट्रे हातात धरून तसेच उभे राहायचे, आणि मालक त्यांच्यावर खेकसायचा. काय तिचे हात! नुसता हातमोजा काढायचा तर तिला पाच मिनिटं लागायची आणि समोरची माणसं पाचही मिनिटं श्वास रोखून बसायची. पण तोंड उघडायची ती फक्त माझ्यासाठी. तिच्या हातातला माईक मुका होता. आवाज माझा, ओठ तिचे. एरवी ती बोलायची ती कुजबुजत, जणू शेजारी कुणी आजारी माणूस झोपलंय.

हे दिसतं तेवढं सोपं नव्हतं बरं का. नुसते ओठ हलवून भागत नाही. गाणाऱ्या बाईचा गळा फुगतो, खांदा उचलतो, सूर संपला की पोट आत जातं. म्हणून ती माझ्याबरोबर श्वास घ्यायला शिकली. मी भोकातून तिच्या पाठीकडे बघायची, ती डावा खांदा जरासा उचलायची, आणि आम्ही दोघी एकदम श्वास घ्यायचो. मला शिंक येणार असली तर मी पायाने फळीवर दोनदा ठोकायची. ती लगेच प्रेक्षकांकडे पाठ करून मान मागे टाकायची. लोकांना वाटायचं, काय ही अदा! टाळ्या पडायच्या. आणि इकडे मी पदरात नाक खुपसून शिंकत असायची. पुढे पुढे आम्हाला अशी सवय लागली की चहा पितानासुद्धा आमचे श्वास बरोबर पडायचे. वादक हसायचे आम्हाला.

तिचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो आठ वर्षांनी. एका दुपारी कपड्यांच्या खोलीतून गाण्याचा आवाज आला. पुरुषी, खोल, पोटातून आलेला. मला वाटलं दिवेवाला आत शिरलाय आणि आमच्या झग्यांशी काहीतरी चाळे करतोय. मी चप्पल हातात घेऊनच दार ढकललं. आत ती एकटी. इस्त्री करत होती आणि गात होती. अंगावर काटा आला माझ्या. एवढा सुंदर आवाज मी जन्मात ऐकला नव्हता, आणि मला गाण्यातलं कळतं. मला बघितलं तशी ती गप्प झाली. इस्त्री तशीच झग्यावर राहिली आणि बाहीला चांगलं बदामाएवढं भोक पडलं.

"लांबे, हा आवाज तू आमच्यापासून लपवून ठेवलास?" मी म्हटलं.

"तो माझा नाही," ती म्हणाली. "बाबांचा आहे."

त्या दिवशी बाहीला ठिगळ लावता लावता तिने सांगितलं. तिच्या घरची लाँड्री होती. पुढे दुकान, मागे घर. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरींचे ढीग यायचे. वडील इस्त्रीला, आई घड्या घालायला. चादरीची घडी एकट्या माणसाला नीट घालता येत नाही, दोन माणसं लागतात. दोन टोकं एकीकडे, दोन टोकं दुसरीकडे. ताणायची, झटकायची, आणि एकमेकांकडे चालत यायचं. आईच्या समोर टोकं धरायला ही. ताल चुकू नये म्हणून आईने एक गाणं जुळवलं होतं, त्यांचं दोघींचंच.

टोक धर, टोक दे,
एक पाऊल पुढे ये.
अर्धी तुझी, अर्धी माझी,
मधे माझी गाठ घे.

दिवसाला दोनशे चादरी. म्हणजे दिवसातून दोनशे वेळा ही पोर आईकडे चालत जायची, आणि दोनशे वेळा त्यांची बोटं एकमेकींना लागायची. "तेवढं एक मला अजून पुरत नाही," ती म्हणाली. पुढे हिचा आवाज फुटला तो थेट वडिलांसारखा. फोनवर माणसं फसायची. आणि त्याच आवाजात वडिलांनी एक दिवस तिला "चालती हो" म्हटलं. तेही टोमण्याने म्हटलं, मुद्दाम, "चालता हो" नाही. आई मागच्या दारात चादर धरून उभी होती. इस्त्री तेवढी हिच्या हातात दिली.

मला त्या आईचा असा संताप आला म्हणून सांगू! पण ही बया वेडी तिच्यासाठी. दर महिन्याला पत्र. वडिलांच्या नजरेला पडू नये म्हणून शेजारच्या शिंप्याच्या पत्त्यावर. उत्तर कधी यायचं, कधी नाही. एकदा आईने विचारलं, तू काय करतेस तिकडे? हिने काय करावं? खेळाच्या वेळी टेप सुरू ठेवला, माझी गाणी भरली आणि कॅसेट पाठवून दिली. सोबत चिठ्ठी, "मी गाते."

मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, हे काय करून बसलीस?"

"तिने ऐकलं, बुटके. शिंप्याच्या दुकानात बसून दोनदा ऐकलं. म्हणाली, आवाज कसा मधासारखा झालाय." आणि ही बाई असं सांगताना रडतही होती आणि हसतही होती. त्यानंतर दर पाच-सहा महिन्यांनी एक कॅसेट जायला लागली. खेळ सुरू व्हायच्या आधी ती स्वतः टेपचं बटण दाबायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

अशी वर्षं गेली. तिच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली, माझ्या केसांनी रंग सोडला. मग एक दिवस तिच्या भावाचा फोन आला. वडील वारले होते, त्याला सहा महिने होऊन गेले होते. हिला आत्ता कळवत होता, शहाणा! आणि म्हणाला, आईचे डोळे पूर्ण गेलेत. काही दिसत नाही. पण हट्ट धरलाय, की एकदा तिचं गाणं समोर बसून ऐकायचंय. रविवारी दुपारच्या खेळाला घेऊन येतो.

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते दारात आलं, आणि ही घाबरून गेली. डोळे असलेली आई आली असती तर तिने लेकीला बघितलं असतं. हे कपडे, हे हात, सगळी लोकं तिच्याकडे कशी बघतात ते. पण या आईला फक्त ऐकू येणार होतं. आणि ऐकू येणार होते मी.

"तू गा," मी म्हटलं. "सरळ तुझ्या आवाजात गा. कळू दे."

"वेड लागलंय तुला? तिने तो आवाज आयुष्यभर ऐकलाय. रोज दचकत ऐकलाय. त्यातून सुटली ती आत्ता कुठे. आणि मी तोच तिच्यापुढे ठेवू?"

"मग काय, इतक्या लांबून येऊन तिने परक्या बाईचं गाणं ऐकून परत जायचं?"

"ती आनंदात जाईल," ती म्हणाली. "मला तेवढं पुरे."

पुरे कसलं! रविवारी सकाळपासून तिने तीनदा तोंड रंगवलं आणि तीनदा पुसलं. आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी तिला भित्री म्हटलं, तिने मला तोंडाळ म्हटलं, आणि ती चप्पल पायात अडकवून कुठेतरी निघून गेली. तेवढ्यात मागच्या दाराशी रिक्षा थांबली.

भावाने म्हातारीला आत सोडलं आणि स्वतः उंबऱ्याच्या बाहेरच राहिला. म्हणाला, "मी इथे बरा आहे." बरा तर बरा. म्हातारी माझ्याहून बुटकी. पांढरीशुभ्र साडी, अशी इस्त्री केलेली की घडीच्या रेषा मोजून घ्याव्यात. एका हातात काठी, दुसऱ्याने भिंत चाचपत पुढे आली. खोलीत मी एकटीच.

"या, सांभाळून. पायरी आहे," मी म्हटलं.

बस्, एवढंच बोलले मी. म्हातारी जागच्या जागी थांबली. तिचा सगळा चेहरा हलला. हात पुढे करत आली आणि मला मिठी मारली. घट्ट. "बाळा," म्हणाली, "किती गं वाट बघायला लावलीस. मला येता आलं नाही गं. मी यायला हवं होतं."

आता इथे मी खरं सांगायला हवं होतं. मला कळत होतं. पण मी अनाथाश्रमात वाढलेली बाई. असं कुणी मला कधी धरलं नव्हतं. तिच्या अंगाला स्टार्चचा आणि गरम कापडाचा वास होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो आई. आलीस ना आता." आणि लाज वाटते सांगायला, पण मला ते आवडलं. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

डोकं उचललं तेव्हा दारात लांबी उभी होती. केव्हाची उभी होती कुणास ठाऊक. तिची आई तिच्यापासून चार पावलांवर माझे केस कुरवाळत होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तोंड उघडलं, पण तिने ओठांवर बोट ठेवलं. मग पुढे आली, आईची पडलेली काठी उचलली आणि हळूच भिंतीला टेकवून ठेवली.

"कोण आहे गं?" म्हातारीने विचारलं.

लांबीने माझ्याकडे बघून मान हलवली. मी म्हटलं, "नाचणारी आहे आमच्यातली."

त्या वाक्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. माफ करणारही नाही.

म्हातारीला पुढच्या टेबलाशी बसवलं. खेळ सुरू झाला. पहिलं गाणं मी गायले. लांबी नाचली. पण कशी? तिचा खांदा उचललाच नाही. मी श्वास घेत होते आणि ती घेत नव्हती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आमचा श्वास चुकला. भोकातून मला तिच्या पाठीपलीकडे म्हातारी दिसत होती. स्टेजकडे चेहरा करून, हसत, मान डोलवत. ती माझ्याकडे बघत होती. म्हणजे बघत नव्हती, पण तिचा कान लेकीला ओलांडून सरळ पडद्यामागे माझ्यापर्यंत येत होता. दुसरं गाणं झालं. तिसऱ्याची सुरावट सुरू झाली. मनात म्हटलं, बाई, चोरी फार झाली.

मी माझ्या माईकची पिन उपसली. तिच्या मुक्या माईकची वायर तिथेच लोंबत असायची, दाखवण्यापुरती. तिची पिन उचलली आणि माझ्या पिनेच्या जागी खुपसली. ढप्प असा आवाज हॉलभर घुमला. वादक थांबले. मी पायाने फळीवर दोनदा ठोकलं.

तिला वाटलं शिंक. तिने पाठ फिरवली, मान मागे टाकली आणि थांबली. मी पडदा बाजूला सारून तिच्यासमोर उभी राहिले, माझी सगळी शोभा घेऊन. माझ्या माईकची उपसलेली पिन हातात धरून तिला दाखवली. तिला कळलं. तिने डोळ्यांनी मला इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. मी म्हटलं, "गा, भित्रे. नाहीतर मी सांगते तिला."

प्रेक्षकांत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी शिट्टी मारली. लांबी वळली. मग तिचा डावा खांदा उचलला, आणि इकडे मीही श्वास घेतला, सवयीने.

टोक धर, टोक दे.

तो आवाज हॉलमध्ये आला तशी मागची दोन टेबलं हसली. एवढ्या उंच, चमचमत्या बाईच्या तोंडून असा आवाज! मग हसणं आपोआप थांबलं. मी म्हातारीकडे बघत होते. पहिल्या सुराला ती दचकली, खुर्चीला घट्ट धरून बसली. मला वाटलं, संपलं. आता ही उठून जाणार, आणि ते पाप माझ्या माथी.

ती उठली. उठली आणि दोन्ही हात समोर धरले. अंगठा आणि बोट चिमटीत, दोन्ही हातांत, चादरीची टोकं धरावीत तसे. आणि तशीच उभी राहिली.

लांबी गातच स्टेजवरून उतरली. एक पाऊल, एक पाऊल. गुडघे दुखणारी ती बाई त्या चार पायऱ्या कशी उतरली ते तिलाच ठाऊक. मधे माझी गाठ घे, म्हणता म्हणता तिने माईक आईच्या टेबलावर ठेवला आणि आपले हात तिच्या हातांना लावले. म्हातारीने तिची बोटं चाचपली, एक एक करून. कडेला लहानपणच्या इस्त्रीच्या चटक्याचा व्रण होता, त्यावर तिचा अंगठा थांबला.

"आवाज बसलाय गं तुझा," म्हातारी म्हणाली. माईकमधून सगळ्यांना ऐकू आलं. "गरम पाणी पीत जा."

मी पडद्याला धरून खाली बसले आणि हमसून हमसून रडले.

पुढचं थोडक्यात सांगते. मालक म्हणाला, लोकांना गोड आवाज हवाय, हे घोगरं काम चालायचं नाही. ती म्हणाली, मग मी चालते. त्याच आठवड्यात सुटकेस आणि इस्त्री उचलून आईबरोबर लाँड्रीत गेली. स्टेजवर पुन्हा कधी उभी राहिली नाही. म्हातारी आणखी सात वर्षं जगली. सात वर्षं दोघींनी घड्या घातल्या. लांबी मला ये ये म्हणाली, मी गेले नाही. त्या आईसमोर कुठल्या तोंडाने जाणार होते मी? लांबीने आईला माझं खरं सांगितलं होतं, आणि आईने निरोपही धाडला होता, "तिला म्हणावं, मिठी परत मागणार नाही." तरी गेले नाही. माझा स्वभावच मेला असा.

गेल्या हिवाळ्यात लांबी गेली. भावाने एक खोकं पाठवलं, आत या एक्केचाळीस कॅसेट. वर चिठ्ठी, "ताईने हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं." ताई म्हणायला शिकला होता, उशिरा का होईना. मी सगळ्या लावून बघितल्या. रात्रंदिवस मीच गातेय, मधासारखी. तिचा आवाज कुठे नाही.

एवढं झाल्यावर त्या बाईने न राहवून विचारलंच, "आणि तो रविवार? त्या दिवशी टेप नव्हता?"

होता ना. नेहमीच्या जागी, आत कोरी कॅसेट घालून ठेवलेला. पण बटण तीच दाबायची, आणि दाबायची ते आईसाठी. त्या दिवशी आई स्वतःच आली होती. मग कुणासाठी टेप करायचं?

माझ्या हातात दोरीवरून काढलेली चादर अजून तशीच होती. म्हटलं, "बसून काय राहिलात, ही दोन टोकं धरा." तिने यंत्र बाजूला ठेवून टोकं धरली. आम्ही चादर ताणली, झटकली. मी ते गाणं गायला गेले. पण ते खालून सुरू होतं, फार खालून, आणि तो सूर माझ्या गळ्यात नाही. दोनदा बघितलं, लागेना.

मग मी डावा खांदा जरासा उचलला, लांबीबरोबर श्वास घेतला, आणि नुसते ओठ हलवत पुढे चालत गेले.